घड्याळ, गुरुत्वाकर्षण आणि रँग्लर नारळीकर

औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंग, नर्सी म्हटले की संत नामदेव आणि हळदीचा बाजार म्हटला की हिंगोली-वसमत. गेल्या काही वर्षांत या यादीत औंढ्याजवळच्या दुधाळा गावाची भर पडली आहे. इथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, त्यांतून जाणारे लेसर किरण आणि ते किरण परत यायला लागणाऱ्या वेळेतला अतिसूक्ष्म फरक टिपणारी यंत्रणा, असे या वेधशाळेचे थोडक्यात स्वरूप. गुरुत्वाकर्षण आणि काळ यांचे नाते मोजणारे हे एक प्रचंड घड्याळच म्हणायला हवे.

हे नाते भारतीय विद्यापीठांत शिकवायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांत एका मराठी माणसाचे नाव अगदी आधी येते. विष्णु वासुदेव नारळीकर. आजच्या वाचकाला ते बहुधा डॉ. जयंत नारळीकरांचे वडील म्हणून ठाऊक असतात. एके काळी उलट होते. जयंतरावांची ओळख ‘रँग्लर नारळीकरांचा मुलगा’ अशी करून दिली जात असे.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील वासुदेवशास्त्री संस्कृतचे जाणकार. घरात विद्येची परंपरा होती. गणितातली मुलाची गती लवकरच दिसली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि टाटा शिष्यवृत्ती व कोल्हापूर संस्थानचे साहाय्य यांच्या बळावर केंब्रिजला गेले. तिथली गणिताची ट्रायपॉस परीक्षा म्हणजे त्या काळी अग्निपरीक्षाच. १९३० मध्ये ते ती विशेष प्राविण्यासह, म्हणजे ‘बी-स्टार’ मिळवून, उत्तीर्ण झाले. रँग्लर ही पदवी महाराष्ट्राला परांजप्यांमुळे परिचयाची होतीच. आता कोल्हापूरचाही रँग्लर झाला. खगोलशास्त्रासाठीचे टायसन पदक, आयझॅक न्यूटन स्टुडंटशिप आणि रॅले पारितोषिक असे मानही पाठोपाठ मिळाले.

त्या वेळचे केंब्रिज म्हणजे आर्थर एडिंग्टन यांचे केंब्रिज. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो, हे दाखवून आइन्स्टाइनला घराघरांत पोहोचवणारे हेच एडिंग्टन. त्यांच्या सहवासात तरुण नारळीकर व्यापक सापेक्षता सिद्धांताकडे वळले. या सिद्धांतातला एक निष्कर्ष ऐकणाऱ्याला आजही चक्रावून टाकतो: जिथे गुरुत्वाकर्षणाचा पगडा अधिक, तिथे घड्याळ हळू चालते.

इथे एक गैरसमज हमखास होतो, तो आधीच दूर केलेला बरा. घड्याळ आणि गुरुत्वाकर्षण यांचा एक जुना संबंध लंबकाचा आहे. १६७२ मध्ये झाँ रिशेर हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. विषुववृत्ताजवळ लंबकाला खाली ओढणारा जोर किंचित कमी, म्हणून झोका संथ. तेच घड्याळ कळसूबाईच्या माथ्यावर नेले तरी मागेच पडेल. पण यात काळाला काही झालेले नसते, बिघाड फक्त यंत्राच्या चालीत असतो. रिशेरच्या खिशात स्प्रिंगचे घड्याळ असते, तर त्याला हा फरक दिसलाच नसता.

आइन्स्टाइनचे म्हणणे वेगळे आणि बरोबर उलट्या दिशेचे होते. डोंगरावरचे घड्याळ पुढे जाते, पायथ्याचे मागे राहते. आणि हे लंबकाच्या नव्हे, तर प्रत्येक घड्याळाच्या बाबतीत: अणूची कंपने असोत, हृदयाचे ठोके असोत की पेशींचे वय असो. यंत्र निर्दोष असले तरी फरक पडतोच, कारण तिथला काळच वेगळ्या गतीने वाहतो. पृथ्वीवर हा फरक इतका लहान आहे की, समुद्रसपाटीच्या तुलनेत १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवरचे घड्याळ दिवसाला सेकंदाच्या एक अब्ज भागांपैकी पंधराएक भागच पुढे जाते. माणूस आयुष्यभर, म्हणजे ८० वर्षे, ताठ उभा राहिला, तर पावलांपेक्षा त्याचे डोके सेकंदाच्या सुमारे वीस लाखाव्या भागाइतके अधिक म्हातारे होईल. चष्मा त्यामुळे लागत नाही, एवढे नक्की.

सूर्यावर मात्र हा परिणाम बरा मोठा. तिथे घड्याळ ठेवता आले, तर वर्षाकाठी ते पृथ्वीच्या मानाने मिनिटभर मागे पडेल. घड्याळ ठेवता येत नसले तरी सूर्यावरचे अणू ठरावीक कंपनसंख्येचा प्रकाश देतात. ती कंपने पृथ्वीवर येताना मंदावलेली, म्हणजे तांबड्या रंगाकडे सरकलेली दिसायला हवीत. एडिंग्टन यांनी यासाठी सूर्यापेक्षा चांगला उमेदवार सुचवला होता: व्याधाचा जोडीदार असलेला खुजा, पण भयंकर घन तारा. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत त्याचा वर्णपट तपासला गेला आणि सरक आढळली. मोजमाप काही फारसे भरवशाचे नव्हते. नारळीकर केंब्रिजला पोहोचले, तेव्हा घड्याळाच्या या गोष्टीला एवढाच काय तो पुरावा होता.

पुरावा तोकडा आणि उपयोग शून्य, म्हणून जगातले बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ या विषयापासून चार हात लांबच होते. सगळी तरुण बुद्धी अणू आणि पुंजयांत्रिकीकडे धावत होती. नोकऱ्या, प्रयोगशाळा, नावलौकिक सारे तिकडे. व्यापक सापेक्षता म्हणजे गणितज्ञांचे मनोरंजन, असे उघड मानले जाई. अशा विषयाला आयुष्य वाहायचे म्हणजे उपेक्षा आधीच मान्य करणे.

त्यात नारळीकरांनी आणखी एक निर्णय घेतला. पंडित मदनमोहन मालवीय बनारस हिंदू विद्यापीठासाठी देशोदेशीचे गुणी भारतीय हेरत होते. त्यांनी नारळीकरांना गणित विभागाचे प्रमुखपद देऊ केले. परदेशात राहून संशोधन वाढवण्याचा रस्ता मोकळा असताना, १९३२ मध्ये, नारळीकर बनारसला रुजू झाले. वय अवघे २४. कित्येक विद्यार्थी वयाने त्यांच्या बरोबरीचे असतील. त्यांच्याच काळात केंब्रिजला आलेले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर पुढे अमेरिकेत स्थिरावले आणि १९८३ मध्ये नोबेल मानकरी ठरले. नारळीकरांच्या वाट्याला आले ते वर्ग, परीक्षा, अभ्यासक्रम, विभागाचा कारभार आणि त्यातून उरलेल्या वेळात संशोधन. दोघांची तुलना करून कोण बरोबर, हे ठरवण्यात अर्थ नाही. पण नारळीकरांनी काय मागे सोडले, याची कल्पना या तुलनेतून येते.

ते बनारसला २८ वर्षे राहिले. गंमत म्हणून हिशेब करायचा तर काशी समुद्रसपाटीपासून ८० मीटरवर आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर. म्हणजे इतक्या वर्षांत कोल्हापुरात राहिलेल्या भाऊबंदांपेक्षा विष्णुपंतांचे घड्याळ सेकंदाच्या एक लाख भागांपैकी चार-पाच भाग मागे पडले. कुणाच्या लक्षात येण्यासारखा हा फरक नव्हता. आज मात्र तो मोजता येतो.

बनारसच्या त्या गणित विभागातून देशातली सापेक्षतेची पहिली मोठी शाळा तयार झाली. मोघे, करमरकर, पटवर्धन अशी मराठी नावे त्यात आहेत. के. आर. करमरकर यांनी १९४८ मध्ये मांडलेली अट आज जगभरचे संशोधक अतिघन ताऱ्यांची गणिती प्रतिरूपे तयार करताना ‘करमरकर अट’ म्हणूनच वापरतात. गुरुत्वीय क्षेत्राची वक्रता मोजणाऱ्या राशींवरचा नारळीकर-करमरकर यांचा १९४९ चा निबंधही असाच टिकून राहिला.

पण या शाळेची सर्वांत लक्षात राहणारी हकिकत आहे प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांची. जुनागढकडचा हा तरुण मुंबईत गणित शिकलेला. सापेक्षतेवर काम करायचे तर नारळीकरांकडेच, असे मनाशी धरून १९४२ मध्ये तो बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन बनारसला पोहोचला. नोकरी नाही, शिष्यवृत्ती नाही. शिल्लक पुंजी पुरेल तितके दिवस राहायचे, एवढाच बेत. नारळीकरांनी त्याला ठेवून घेतले. वर्ष ‘चले जाव’चे. बनारस विद्यापीठ आंदोलनाच्या ऐन धगीत. अशा दिवसांत गुरू-शिष्य ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाची समीकरणे सोडवत बसले होते.

प्रश्न साधा वाटणारा होता. कार्ल श्वार्त्सशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे जे उत्तर काढले, त्यात तारा प्रकाशत नाही असे गृहीत धरले होते. खरा तारा तर अहोरात्र प्रकाश ओकत असतो आणि प्रकाशासोबत वस्तुमानही गमावत असतो. सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान असे उधळतो. मग तेजस्वी ताऱ्याभोवती अवकाश आणि काळ यांचे स्वरूप कसे असेल? घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर, श्वार्त्सशिल्डच्या ताऱ्याजवळ ठेवलेले घड्याळ मंद चालते आणि कायम तेवढेच मंद चालते. वैद्यांच्या ताऱ्याचे वस्तुमान ओसरत जाते, तसतसा काळावरचा त्याचा पगडा ढिला होतो आणि त्याच जागी ठेवलेले घड्याळ हळूहळू वेग पकडते. वैद्यांनी या क्षेत्राचे नेमके गणिती उत्तर शोधले. ते १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

तेव्हा त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. बचत संपली, तसे वैद्य बनारसहून परतले. पुढे वीसेक वर्षांनी क्वेसार सापडले, ताऱ्यांच्या कोसळण्याचा अभ्यास सुरू झाला आणि ‘वैद्य मेट्रिक’ हे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. त्या निबंधावर नाव एकट्या वैद्यांचे आहे. नारळीकरांनी प्रश्नाकडे बोट दाखवले, रोज चर्चा केली आणि श्रेय शिष्याकडे राहू दिले. विद्यापीठांतल्या आजच्या रीती पाहता, हे विशेष सांगण्यासारखे.

घरातही शिकवण्याची ही हौस चालूच होती. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. विद्यापीठाच्या आवारातल्या बंगल्यात विष्णुपंतांनी मुलांसाठी भिंतीवर फळे बसवून घेतले होते. सुमतीबाईंचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार काही काळ तिथे राहायला होते. ते फळ्यावर भाच्यासाठी गणिती कोडे लिहून ठेवत आणि सुटेपर्यंत पुसत नसत. जयंतराव पुढे वडिलांच्याच फिट्झविल्यम हाउसमध्ये गेले, १९५९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि दुसऱ्या वर्षी त्यांना टायसन पदक मिळाले. तीस वर्षांपूर्वी वडिलांना मिळाले होते, तेच.

१९६० मध्ये विष्णुपंतांनी बनारस सोडले आणि राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारले. मुक्काम अजमेर. काम सरकारी अधिकाऱ्यांच्या निवडीचे. प्रामाणिक आणि निःस्पृह माणूस अशा जागी हवाच, हे खरे. तरीही विज्ञानाच्या बाजूने पाहिले, तर ही वेळ चुकली असे वाटल्याशिवाय राहत नाही. कारण नेमक्या त्याच वर्षी, ज्या पुराव्याची सापेक्षतावादी मंडळी चाळीस वर्षे वाट पाहत होती, तो हाती आला.

हार्वर्ड विद्यापीठातल्या एका इमारतीच्या मनोऱ्यात रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी लोखंडाच्या अणुकेंद्रातून निघणारे गॅमा किरण २२.५ मीटर अंतरात वर-खाली पाठवले. खालची कंपने आणि वरची कंपने यांत फरक पडतो का, एवढेच पाहायचे होते. अपेक्षित फरक एकावर पंधरा शून्ये इतक्या भागांत अडीच भाग. तो सापडला, आइन्स्टाइनने सांगितला तेवढाच. सात-आठ मजल्यांच्या उंचीत काळाचा वेग बदलतो, हे पृथ्वीवरच सिद्ध झाले. यानंतरचे दशक व्यापक सापेक्षतेचे पुनरुज्जीवनाचे दशक ठरले: क्वेसार, पल्सार, कृष्णविवरे. ज्यांनी उपेक्षेच्या काळात हा दिवा तेवत ठेवला, त्यांपैकी एक जण त्या दशकाची पहिली सहा वर्षे मुलाखती आणि फायलींत होता.

१९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक अध्यासनावर उपयोजित गणिताचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९७३ पर्यंत तिथे होते. पुन्हा फळा, पुन्हा विद्यार्थी. १९६९ मध्ये देशातल्या सापेक्षतावाद्यांची संघटना, ‘इंडियन असोसिएशन फॉर जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन’, स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, आणि ते योग्यच होते. पुण्यात त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्यांत नरेश दधिच होते.

याच पुण्याच्या वर्षांत, १९७१ मध्ये, हाफेले आणि कीटिंग या दोन अमेरिकनांनी चार आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळांशी ताडून पाहिली तर फरक गणिताप्रमाणे. १९७७ मध्ये अमेरिकेने एका उपग्रहातून आण्विक घड्याळ पाठवले. त्यात सापेक्षतेची दुरुस्ती करण्याची सोय होती, पण सुरुवातीला ती मुद्दाम बंद ठेवली. घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळू लागले. वीस दिवसांनी दुरुस्ती सुरू करावी लागली. त्यातूनच जीपीएस उभे राहिले. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष केले, तर मोबाइलवरच्या नकाशात दिवसाला दहा किलोमीटरच्या वर चूक साचेल. औंढ्याचे देऊळ शोधणारा यात्रेकरू भलत्याच शिवारात पोहोचेल. बनारसमध्ये ज्या समीकरणांना व्यवहारात काडीचा उपयोग नाही असे समजले जाई, ती आता रिक्षावाल्याच्या खिशात आहेत.

विष्णु वासुदेव नारळीकरांचे १ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात निधन झाले. त्या वेळी हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला आणखी आठ वर्षे होती. पण दुधाळ्यापर्यंतची वाट तेव्हा सुरू झालेली होती. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था स्थापन झाली. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. विष्णुपंतांचे शिष्य नरेश दधिच तिथे पुढे संचालक झाले. आयुकातच संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींचा संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढायचा, याचे गणित मांडायला घेतले. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह लिहिलेला त्यांचा महत्त्वाचा निबंध १९९१ सालचाच.

त्या गणिताची कसोटी १४ सप्टेंबर २०१५ रोजी लागली. दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या वेधशाळांवरून गेली. लहर आली तेव्हा नळीची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या अतिसूक्ष्म भागाइतकी बदलली होती. दोन ठिकाणच्या नोंदींत सुमारे सात मिलिसेकंदांचे अंतर होते. लहर आकाशाच्या कोणत्या बाजूने आली, याचा अंदाज या अंतरावरूनच बांधता येतो. दोनच वेधशाळा असतील तर तो अंदाज आकाशाच्या मोठ्या पट्ट्याएवढा ढोबळ राहतो. अमेरिकेपासून दूर, पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला आणखी एक वेधशाळा असेल, तर पट्टा आखडून लहानसा ठिपका होतो आणि दुर्बिणी तिकडे वळवता येतात. ती वेधशाळा दुधाळ्याची. तिथल्या प्रत्येक नोंदीवर अचूक वेळेचा शिक्का असेल आणि ती वेळ उपग्रहांवरच्या घड्याळांशी जुळवलेली असेल, ज्यांतून दिवसाचे ३८ मायक्रोसेकंद आधीच वजा केलेले असतात.